आर्गनला कप कितीचा लावायचा, आणि खाऱ्या वाऱ्यात तो पुरतो का?

बहुतेक वर्कशॉपांत आर्गन वेल्डिंगच्या टॉर्चला पहिल्या दिवशी जो कप, म्हणजे गॅस बाहेर सोडणारं टोकाचं सिरॅमिकचं तोंड, लागतो, तोच फुटेपर्यंत चालतो. बहुधा पाच किंवा सहा नंबरचा, गुलाबी, कडेला काळवंडलेला. जॉब बदलतो, पत्र्याची जाडी बदलते, अँपिअर बदलतात, कप मात्र तोच. मग कुडाळ-सावंतवाडीकडे बंद शेडमध्ये चकचकीत काम करणारा माणूस मालवणात समुद्रासमोर रेलिंग बसवायला जातो आणि त्याच मशीनवर, त्याच सेटिंगला, जोड करडा येतो. दोष मशीनवर जातो, नाहीतर बाटल्यातल्या गॅसवर. कपाकडे कोणी बघत नाही. वाऱ्याकडे लक्ष गेलंच, तर हाक येते: "वारो सुटलो, गॅस वाढव रे!"

लहान कपावर हा उपाय उलटा बसतो. तो का, हे एकदा कळलं की कुठल्या कामाला कुठला कप हे निम्मं सुटतं.

आधी नंबराचा अर्थ. कपाचा नंबर म्हणजे त्याच्या तोंडाचा आतला व्यास, इंचाच्या सोळाव्या भागांत मोजलेला. फॅब्रिकेशनवाल्यांना सुताचा (इंचाच्या आठव्या भागाचा) हिशोब पाठ असतो, तर त्यांच्यासाठी आणखी सोपं: नंबर निम्मा करा, तेवढे सूत. ४ नंबर म्हणजे दोन सूत, साधारण ६.४ मिलिमीटर. ५ नंबर ८ मिलिमीटर, ६ नंबर साडेनऊ, ८ नंबर चार सूत म्हणजे १२.७, आणि १२ नंबर पाऊण इंच, १९ मिलिमीटर. व्यास दुप्पट झाला की तोंडाचं क्षेत्रफळ चौपट होतं, हे इथे विसरून चालत नाही. ४ च्या जागी ८ लावला तर गॅस बाहेर पडायला चौपट जागा मिळते. नंबर वाचताना फरक लहान वाटतो, पण गॅसच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

आता गॅस काय करतो ते. वितळलेल्या धातूला हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन लागू न देणं, एवढंच त्याचं काम. ही पद्धत १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नॉर्थ्रॉप या विमान कंपनीत रसेल मेरेडिथने उभी केली, मॅग्नेशियम जोडण्यासाठी. तेव्हा गॅस हेलियम होता. हेलियम हवेपेक्षा फारच हलका, त्यामुळे तो वर पळतो आणि दुपटी-तिपटीने सोडावा लागतो. आर्गन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड. तो जॉबवर बसतो, कोपऱ्यात साचून राहतो. आपल्याकडे हेलियम परवडतही नाही, म्हणून तर टिग वेल्डिंगचं नावच 'आर्गन' पडलं.

हा जड गॅस शांतपणे खाली आला पाहिजे, खरी मेख इथे आहे. मिनिटाला १० लिटर आर्गन ५ नंबरच्या कपातून सोडला तर तोंडाशी त्याचा वेग सेकंदाला सव्वातीन मीटरच्या आसपास होतो. तोच १० लिटर ८ नंबरमधून सव्वा मीटरच्या थोड्या वर, आणि १२ नंबरमधून जेमतेम अर्ध्या मीटरच्या पुढे. पोफळीच्या बागेत शिंपणं करताना पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी लांब जातं, पण फिसकारतं आणि खाली माती उडवतं. गॅसचंही तसंच होतं. वेग एका हद्दीपलीकडे गेला की सरळ धार फुटते, तिच्यात भोवरे होतात आणि हे भोवरे बाजूची हवा आत ओढून थेट वितळलेल्या धातूवर नेऊन टाकतात. धार शांत कधी राहते आणि कधी फुटते, हे १८८३ साली मँचेस्टरमध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून दाखवलं होतं. वेग, नळीचा व्यास आणि प्रवाहाचा दाटपणा-चिकटपणा यांवरून एक आकडा निघतो; तो साधारण दोन हजाराच्या पुढे गेला की नळीतला प्रवाह बिघडू लागतो. ५ नंबरच्या कपात १० लिटरला आर्गन त्या आकड्याच्या अगदी जवळ पोचतो आणि १५ लिटरला बराच पुढे जातो. ८ नंबरमध्ये १० लिटरला तो बाराशेच्या आसपास असतो. कप म्हणजे काही लांब नळी नव्हे, त्यामुळे आकडा तंतोतंत धरू नये. पण लहान कपात गॅस वाढवला की जोड सुधारण्याऐवजी बिघडतो तो कशामुळे, ते यावरून कळतं.

म्हणून फ्लोचा, म्हणजे मिनिटाला किती गॅस सोडायचा याचा, एक ढोबळ नियम लक्षात ठेवायला बरा: कपाचा जेवढा नंबर, मिनिटाला तेवढे लिटर. ५ नंबरला पाच-सहा, ६ ला सहा-सात, ८ ला आठ ते दहा, १२ ला बारा ते पंधरा. इथून सुरुवात करून एखाद-दोन लिटर वर-खाली करावं. फ्लो वाचायचा तो बाटल्यावरच्या रेग्युलेटरच्या काचेच्या नळीतल्या गोळीवरून, आणि ती नळी सरळ उभी असताना. बाटला आडवा-तिरका टेकवून ठेवला असेल तर गोळी खोटं बोलते.

वाऱ्याचा हिशोब

स्टीलच्या बांधकामासाठी अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची डी१.१ ही संहिता जगभर वापरली जाते. गॅसच्या आधाराने होणारं वेल्डिंग ताशी ८ किलोमीटरपेक्षा जास्त वाऱ्यात आडोशाशिवाय करू नये, असं ती सांगते. सेकंदाला हे सव्वादोन मीटर होतात. आता वरचा हिशोब आठवा: ८ नंबरमधून १० लिटरला गॅस सव्वा मीटरने बाहेर पडतोय. म्हणजे संहितेने घातलेल्या मर्यादेतला वारासुद्धा आपल्या गॅसपेक्षा वेगवान आहे. तोंडावर वारा जाणवायला लागतो, झाडाची पानं सळसळायला लागतात, तो वारा साधारण याच वेगाचा असतो. वेगळं यंत्र घ्यायची गरज नाही. गालाला वारा कळला की हद्द आली असं समजावं.

किनाऱ्यावर दुपारी वारा याच्या दुप्पट सहज असतो. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला खारे वारे सुटतात, दुपारी जोर धरतात, तिन्हीसांजेला पडतात. रात्री आणि पहाटे जमिनीकडून येणारे मतलई वारे त्या मानाने मवाळ. होडीवाले याच हिशोबावर समुद्रात जात आणि परत येत. वेल्डरनेही तोच हिशोब धरायला काय हरकत आहे? रेलिंगचे दिसणारे जोड सकाळी लवकर उरकावेत, दुपारी कटिंग, घासकाम, भोकं पाडणं असली कामं काढावीत. माझ्या मते कोकणातल्या साइटवर कपाचा नंबर बदलण्याइतकाच हा बदल उपयोगी आहे, आणि तो फुकट आहे.

वेळ बदलता येत नसेल तर आडोसा. प्लायवूडचा तुकडा किंवा पत्रा वाऱ्याच्या बाजूने जॉबच्या अगदी जवळ उभा करावा. दूरवर ताडपत्री बांधून उपयोग कमी, कारण वारा तिच्या कडेने वळून पुन्हा आत येतो. मोठ्या पाइपाच्या आत काम असेल तर दुसरं टोक बंद करावं. दोन्ही तोंडं उघडी राहिली की पाइपच वारा ओढतो आणि जोडाच्या फटीतून फुंकर येते. शेडमधला उभा पंखा हाही वाराच. उकाड्यात तो बंद करायला माणसं नाखूश असतात, ते समजण्यासारखं आहे, पण निदान त्याचं तोंड तरी फिरवा.

आडोसा झाल्यावर मगच गॅस वाढवायचा विचार. तोही मोठ्या कपात, दोन-तीन लिटरच. मोठ्या कपातून येणारा रुंद, संथ गॅस वाऱ्याने लवकर ढकलला जातो हे खरं आहे. पण त्यात फ्लो वाढवायला जागा असते. पाच नंबरवाल्याकडे ती जागाच नसते.

काम बघून कप

साधं लोखंड सोशिक असतं. गेट, ग्रील, ब्रॅकेट, पातळ चौकोनी पाइप, यांना ६ किंवा ७ नंबर पुरतो. गंज आणि पपडी घासून काढली नसेल तर बारा नंबरचा कपही काही करणार नाही.

ॲल्युमिनियमला एसी करंटवर ६ ते ८ चालतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना दिसणारा पांढुरका पट्टा म्हणजे वर बसलेला ऑक्साइड निघाल्याची खूण, त्याला घाबरायचं कारण नाही. ॲल्युमिनियमची इथली खरी डोकेदुखी पावसाळी दमटपणा. ओलाव्यातला हायड्रोजन वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये शिरतो आणि थंड होताना बारीक छिद्रं सोडून जातो. फिलर रॉड (जोडात वितळवून भरायची सळी) कोरडी ठेवा, पाइपातला रात्रभर राहिलेला गॅस सकाळी थोडा वेळ सोडून द्या. कप मोठा करून ही छिद्रं जात नाहीत.

स्टेनलेसचं मात्र वेगळं आहे, आणि आपल्याकडे आर्गनचं बहुतेक काम स्टेनलेसचंच: होमस्टेचे जिने, आंब्याचा पल्प करणाऱ्या कारखान्यांच्या टाक्या, मासळी साफ करायची टेबलं, बोटींची रेलिंगं. स्टेनलेसला गंजापासून वाचवतो तो वरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागांत मोजावा इतका पातळ. तापलेल्या जोडाला हवा लागली की तिथे दुसराच, जाड ऑक्साइड तयार होतो. रंगावरून त्याची जाडी कळते: फिकट पिवळा पातळ, निळा त्याहून जाड, करडा-काळा सगळ्यात वाईट. हा थर बनताना खालच्या धातूतलं क्रोमियम वर ओढलं जातं, आणि रंगाच्या लगेच खालचा पट्टा क्रोमियमला मुकतो. नागपूरला हा जोड वर्षानुवर्षं तसाच राहील. वेंगुर्ल्यात खाऱ्या हवेतलं क्लोराइड नेमकं तिथे बसतं आणि पहिल्याच मोसमात जोडाशेजारून तांबूस ओघळ यायला लागतात.

म्हणजे स्टेनलेसला वितळलेला ठिपका झाकून भागत नाही. मागे राहिलेला, लाल उतरलेला पण अजून तापलेला जोडही तीन-चारशे अंशांच्या खाली येईपर्यंत झाकलेला हवा. रुंद कप लागतो तो यासाठी. टॉर्च पुढे सरकली तरी ८ किंवा १० नंबरच्या कपाचा मागचा भाग अजून जोडावर असतो; ५ नंबरचा केव्हाच पुढे गेलेला असतो. शिवाय आर्क बंद केल्यावर टॉर्च लगेच उचलू नये. दर १० अँपिअरला एक सेकंद असा पोस्ट फ्लोचा, म्हणजे आर्क बंद झाल्यावरही गॅस चालू ठेवण्याचा, जुना हिशोब आहे. ८० अँपिअरला आठ सेकंद हात तिथेच. टंगस्टनचं, म्हणजे कपाच्या मधून आर्क काढणाऱ्या काडीचं, टोक निळं-काळं पडत असेल तर हा वेळ कमी पडतोय. टाकी किंवा पाइप असेल तर आतल्या बाजूलाही गॅस द्यावा लागतो, नाहीतर मागून जोड साखरेसारखा दाणेदार होतो आणि त्या दाण्यांत पल्पही अडकतो, किडही.

रंग उरलाच तर पिकलिंग पेस्टने काढता येतो. तिच्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, हातमोजे आणि चष्म्याशिवाय तिला शिवू नये. बफिंगने जोड चमकतो, पण क्रोमियम गेलेला पट्टा पूर्ण निघाला याची खात्री नसते.

एक मात्र सांगायला हवं. पाइप स्टेनलेसच्या २०२ ग्रेडचा असेल तर कपाची चर्चा व्यर्थ आहे. स्वस्त रेलिंगांत तो सर्रास येतो, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, आणि समुद्रासमोर तो टिकत नाही. लोहचुंबक लावून बघणाऱ्यांची फसगत इथेच होते; २०२ लाही चुंबक चिकटत नाही, ३०४ लाही नाही. अगदी लाटांचे तुषार येतात तिथे ३१६ घ्यावा, त्यातल्या दोन-तीन टक्के मॉलिब्डेनममुळे तो खारं सोसतो. गिऱ्हाईक भाव पाडत असेल तर त्याला हे आधी सांगितलेलं बरं, पुढच्या वर्षी ओघळ दाखवायला तो आपल्याकडेच येतो.

कोपरे आणि गॅस लेन्स

आतल्या कोपऱ्यात गॅस साचतो, तिथे कमी लागतो. बाहेरच्या कोपऱ्यावर, पत्र्याच्या धारेवर तो दोन्हीकडे सांडतो, तिथे एक नंबर मोठा कप बरा. पण आतल्या कोपऱ्यात मोठा कप शिरत नाही, म्हणून माणूस ४-५ नंबर लावतो किंवा टंगस्टन लांब बाहेर काढतो. साध्या कॉलेट बॉडीवर (टॉर्चमधला, टंगस्टन धरून ठेवणारा भाग) टंगस्टन कपाच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याइतकंच बाहेर असावं. ६ नंबरला म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा कमी. त्याहून बाहेर काढलं की कप जॉबपासून लांब जातो आणि गॅस वाटेतच विस्कटतो.

यावरचा उपाय गॅस लेन्स. कॉलेट बॉडीच्या जागी बसणारा हा भाग. त्यात स्टीलच्या बारीक जाळ्यांचे थर असतात. साध्या बॉडीत गॅस चार भोकांतून भसकन कपात येतो आणि तिथेच घुसळतो. जाळीतून तो सगळीकडून सारखा झिरपतो, आणि धार सरळ, लांबवर टिकते. मग टंगस्टन कपाच्या व्यासाएवढं बाहेर काढलं तरी चालतं. ८ नंबरला १२ मिलिमीटर. कोपरा दिसतो, हात मोकळा राहतो. लेन्सला वेगळे, बुडाशी रुंद कप लागतात. साधा कप त्यावर बसत नाही, हे विकत घेतानाच बघावं. जाळीवर फिलरचे थेंब उडून भोकं बुजली की लेन्स बदलायची. टाचणीने टोकरत बसू नये, जाळी फाटते.

लेन्सला जास्त पैसे का घालायचे, असं विचारणाऱ्यांसाठी गॅसचा हिशोब. आर्गनच्या मोठ्या बाटल्यात साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७००० लिटर गॅस येतो. १५ लिटरने सोडला तर पावणेआठ तास चालतो, १० ने साडेअकरा तासांच्या वर. लेन्स आणि आडोसा मिळून फ्लो तेवढा खाली आणता येतो. दापोली-गुहागरच्या आतल्या गावात रिकामा बाटला भरून आणायला टेंपोचं भाडं वेगळं द्यावं लागतं, तेही यात धरा.

खणात काम असेल तर

महाराष्ट्रात पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी साधारण जून-जुलैमध्ये बंद असते, आणि याच दोन महिन्यांत बोटींची कामं निघतात. बोटीच्या पोटात, मासळीच्या खणात, वारा लागत नाही, गॅस छान बसतो, जोड चांदीसारखा येतो. आणि धोका तिथेच आहे. आर्गन जड असल्यामुळे खणाच्या तळाशी साचतो आणि ऑक्सिजनला वर ढकलतो. त्याला वास नाही, रंग नाही, घसा खवखवत नाही. माणसाला कळायच्या आत तो बसल्या जागी कोसळतो. जेवायच्या सुट्टीत टॉर्च खणात टाकून वर येऊ नये, बाटल्याची चावी बंद करूनच यावं. खणाच्या तळातली हवा बाहेर ओढणारा पंखा हवा आणि वर एक माणूस उभा हवा. कोणी कोसळला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही, आधी हवा आत सोडायची.

कप घेताना

टॉर्चचा नंबर बघून जावं. १७, १८ आणि २६ या टॉर्चना एकच कप चालतात. ९ आणि २० ना वेगळे, आखूड. मोठ्या टॉर्चच्या साध्या कपांवर १०एन असा छाप असतो आणि पुढचा आकडा उलटा चालतो: १०एन५० म्हणजे ४ नंबर, १०एन४८ म्हणजे ६, १०एन४६ म्हणजे ८, १०एन४४ म्हणजे १२. दुकानात "मोठा आकडा द्या" म्हणालात तर लहान कप घरी येईल. टंगस्टनची जोडी ढोबळमानाने अशी: १.६ मिलिमीटरला ५ किंवा ६, २.४ ला ६ ते ८, ३.२ ला ८ ते १०. काचेच्या कपातून वितळलेला धातू चांगला दिसतो, पण साइटवर तो टिकवणं कठीण. गुलाबी सिरॅमिकचंही एक आहे: तापलेल्या कपावर पागोळीचा एक थेंब पडला तरी तो तडकतो. तडा गेलेला कप चिकटवून वापरताना पाहिलाय, तडीतून हवा आत येते.

लहान वर्कशॉपला ५ आणि ७ नंबरचे साधे कप आणि ८ नंबरची गॅस लेन्स एवढं पुरेसं आहे. स्टेनलेसच्या टाक्यांची कामं नियमित असतील तर लेन्सचा १२ नंबरही घ्यावा.

आणि हे सगळं करूनही जोड करडा येत असेल तर कप सोडून मागे जावं. बॅक कॅपची (टॉर्चच्या मागच्या टोपीची) रबरी रिंग सुकलीय का, कपामागचा पांढरा इन्सुलेटर बसलाय का, पाइपाच्या जोडाला साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे येतात का. गळक्या जागेतून गॅस बाहेर जातो तसा, आर्गन वेगाने वाहत असताना हवाही आत ओढली जाते. बॅक कॅप अर्धा फेरा सैल असली तरी तेवढं पुरतं.